आकाशातून मिळालेली साक्ष
अझरबैजानच्या नखचिवान प्रांतात आर्मेनियन लोक कधी नव्हतेच, असे तेथील अधिकारी सांगतात. ‘कॉकेशस हेरिटेज वॉच’ या संशोधकगटाचा २०२२ चा अहवाल त्यास संयत उत्तर देतो. जुनी व नवी उपग्रहचित्रे ताडून पाहता ११० मठ, चर्च व दफनभूमींपैकी १०८ स्थळे १९९७ ते २०११ या काळात नष्ट झाल्याचे तो दाखवतो. हे पुरावे आम्हांस निर्णायक वाटतात. परंतु आकाशातून छप्पर दिसते, शिलालेख दिसत नाही. अर्गाम आयवाझ्यान यांनी १९६४ ते १९८७ पर्यंत तेथे हिंडून ८९ चर्चची नोंद केली नसती, तर त्या रिकाम्या जागांची ओळख पटणे दुरापास्त होते. अहवालाचे श्रेय मान्य करूनही आम्ही प्रथम ऋण मानतो ते या नोंदकाराचे.