चौथ्या बिटाची नजाकत

एएमडीने इंटेलवर मिळवलेल्या सर्वांत मोठ्या विजयाची गोष्ट बहुधा बाजाराच्या अंगाने सांगितली जाते. इंटेल आणि एचपी १९९४ पासून ६४ बिटांच्या नव्याकोऱ्या रचनेवर एकत्र काम करत होते. १९७८ च्या ८०८६ पासून चालत आलेल्या एक्स८६ परंपरेशी त्या रचनेने नाते तोडले होते, आणि तिचा पहिला प्रोसेसर, इटॅनियम, २००१ मध्ये आला. एएमडीने मात्र १९९९ मध्ये जाहीर केले की जुन्या एक्स८६लाच आपण ६४ बिटांपर्यंत नेऊ. एप्रिल २००३ मध्ये तसा प्रोसेसर, ऑप्टेरॉन, बाजारात उतरला. २००४ मध्ये खुद्द इंटेलने आपल्या झिऑन प्रोसेसरमध्ये हीच रचना घेतली. निकाल सर्वांना ठाऊक आहे. खरा रस आहे तो रचनेच्या तपशिलात. राहत्या वाड्यावर, एकाही बिऱ्हाडाला न हलवता, मजला चढवायचा असे ते काम होते. आणि कारागिरी पाहायची ती जुन्या भिंतीला नवी भिंत मिळते त्या सांध्यांत.

पहिला सांधा रजिस्टरांचा. रजिस्टर म्हणजे चालू हिशेबातली संख्या ठेवण्याची, प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली जागा. एक्स८६च्या आज्ञेत रजिस्टरचा क्रमांक लिहायला तीनच बिट आहेत, म्हणून रजिस्टरे आठ. सोळा हवी तर चौथा बिट हवा, आणि तो ठेवायला आज्ञेत तसूभर जागा नाही. एका बाइटात २५६ संकेत मावतात. वीस वर्षांत ते जवळजवळ सगळे वाटून झाले होते. अभियंत्यांची नजर गेली ती षोडशमान लेखनातल्या ४० ते ४एफ या सलग सोळा संकेतांवर. आठ रजिस्टरांपैकी एखाद्यात एक मिळवा किंवा एक वजा करा, एवढ्यासाठी ते अडकून पडले होते. आणि तेच काम करणारी, एका बाइटाने लांब असलेली दुसरी आज्ञा आधीपासूनच होती. ६४ बिटांच्या कामकाजात हे सोळा संकेत मोकळे केले आणि मूळ आज्ञेच्या आधी लावायच्या ‘रेक्स’ या उपसर्गाला दिले. आता हिशेब पाहा. सोळा संकेत म्हणजे चार मोकळे बिट. आज्ञेत रजिस्टरचा क्रमांक येऊ शकतो अशा जागा तीन. प्रत्येकीला एकेक बिट. उरलेला चौथा सांगतो की ही क्रिया ६४ बिटांची आहे. एकही बिट कमी पडला नाही, एकही वाया गेला नाही. अडगळीत पडलेली जागा नेमकी हवी तेवढीच निघावी, आणि ती कुणाला तरी दिसावी, याला मनापासून दाद द्यावी लागते.

दुसरी गोष्ट घाईत नजरेतून निसटते. रजिस्टर ६४ बिटांचे झाले, तरी आकडेमोड मुळात ३२ बिटांचीच धरलेली आहे. बहुतेक मोजण्या तेवढ्यात भागतात, त्यामुळे केवळ आकारासाठी प्रत्येक आज्ञेला उपसर्गाचे ओझे वाहावे लागत नाही. मग ३२ बिटांचे उत्तर लिहिल्यावर रजिस्टरच्या वरच्या अर्ध्याचे काय? १९८५ च्या ८०३८६ने १६ बिटांचे ३२ केले तेव्हा वरचा अर्धा होता तसा ठेवला होता. पुढे आज्ञा क्रम सोडून चालवणारे वेगवान प्रोसेसर आले, आणि त्या शिळ्या अर्ध्या भागामुळे नव्या उत्तराला आधीच्या किमतीची वाट पाहावी लागू लागली. एएमडीने नियम केला: ३२ बिटांचे उत्तर लिहिले की वरचे ३२ बिट शून्य. एका ओळीच्या या नियमाने नवे उत्तर जुन्यापासून सुटे झाले. परंपरा जपताना तिची नेमकी कोणती सवय मोडायची, हे कळण्यातला विवेक इथे दिसतो.

तिसरा सांधा मला सर्वांत देखणा वाटतो. मेमरीतला ठरावीक पत्ता सांगण्याचे जुन्या रचनेत दोन मार्ग होते, एक आखूड आणि एक लांब, अर्थ तोच. एएमडीने जुना अर्थ लांब मार्गाकडे ठेवला आणि आखूड मार्गाला नवा अर्थ दिला: पुढच्या आज्ञेपासून अमुक अंतरावर. अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती लायब्ररी मेमरीत कुठेही बसली तरी हे अंतर बदलत नाही. त्यामुळे असा कोड सुटसुटीत झाला. वारंवार लागणाऱ्या कामाला आखूड संकेत आणि क्वचितच्या कामाला लांब, हे तारतम्य अचूक आहे.

चौथी गोष्ट दूरदृष्टीची. पत्ता ६४ बिटांचा, पण सुरुवातीला वापरात ४८च. तेवढ्यातही २५६ टेराबाइट मावतात. ४८ कुठून आले? मेमरीचे पान ४,०९६ बाइटांचे, म्हणजे पानातली जागा दाखवायला १२ बिट. पानांच्या कोष्टकातली नोंद ८ बाइटांची, म्हणून एका पानात ५१२ नोंदी, म्हणजे ९ बिट. अशा चार पायऱ्या: चार नवे छत्तीस, अधिक बारा. पण मोकळे राहिलेले वरचे १६ बिट प्रोग्रॅमरला मोह घालणार, हेही ओळखले होते. ६८००० प्रोसेसरवरच्या मॅकिंटॉशमध्ये पत्त्याच्या वरच्या आठ बिटांत इतर खुणा ठेवल्या गेल्या आणि पत्ते रुंदावताच त्या नडल्या. म्हणून इथे नियम असा की वरचे बिट शेवटच्या वापरातल्या बिटाची नक्कल असलेच पाहिजेत. नाहीतर प्रोसेसर तो पत्ता नाकारतो. पुढे पाचवी पायरी येऊन पत्ता ५७ बिटांचा झाला, तेव्हा वाट मोकळीच होती. पुढच्या पिढीची अडचण पहिल्याच दिवशी दूर करणारा हा नियम फार सुंदर आहे.

या सगळ्याचे फळ असे की ६४ बिटांच्या ऑपरेटिंग सिस्टीमखाली ३२ बिटांचा जुना प्रोग्रॅम थेट हार्डवेअरवर, पूर्ण वेगाने चालला. इटॅनियमची कल्पना, आज्ञांचा मेळ आधीच कंपायलरने घालून द्यावा ही, खरोखर धाडसी होती; पण त्यावर जुना एक्स८६ कोड रखडत चाले. वापरणाऱ्याने आजवर जमवलेल्या कोडचा मान एएमडीने राखला, आणि सरशी तिथेच झाली.

शेवटची दाद एएमडीने गाळलेल्या आज्ञांना. ६४ बिटांच्या कामकाजातून दशमान दुरुस्तीच्या, सेगमेंट भरण्याच्या आणि मर्यादा तपासण्याच्या जुन्या आज्ञा तिने काढल्या आणि त्यांचे संकेत रिकामे ठेवले. इंटेलने २००८ मध्ये एव्हीएक्स हा नवा आज्ञासंच मांडला तो सेगमेंटच्या आज्ञांच्या संकेतांवर. एएमडीनेही २००७ मध्ये सुचवलेली आपल्या एसएसई५ या आज्ञासंचाची मांडणी बदलून त्याच्याशी जुळवून घेतले. एव्हीएक्स-५१२ने मर्यादा तपासणाऱ्या आज्ञेचा संकेत घेतला. आणि २०२३ मध्ये इंटेलने रजिस्टरे सोळावरून बत्तीस करणारे एपीएक्स जाहीर केले, तेव्हा नव्या ‘रेक्स२’ उपसर्गाला मिळाला डी५, दशमान दुरुस्तीचा जुना संकेत. युक्ती तीच: निरुपयोगी झालेला संकेत शोधा, त्याचा उपसर्ग करा, रजिस्टरे दुप्पट करा. प्रतिस्पर्ध्याने वीस वर्षांनी आपलीच रीत, आपणच मोकळ्या केलेल्या जागेत गिरवावी, याहून जाणकार पावती रचनाकाराला कुठली मिळणार?