निवेदकाची वाणी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील आमच्या नृसिंहवाडीत कीर्तनास उभा राहिलेला बुवा प्रथम श्रोतृवृंदाकडे पाहतो, क्षणभर थांबतो, आणि मगच पूर्वरंगाचा अभंग उचलतो. ते थांबणे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला दूरचित्रवाणीवरील निवेदनाची कला मूळ कोणत्या घराण्यातली, हे निराळे सांगावे लागत नाही. सूत्रधार, कीर्तनकार आणि निवेदक या तिघांनाही विषय आणि श्रोता यांची गाठ घालून देऊन स्वतः बाजूला व्हावयाचे असते, आणि हे बाजूला होणेच सर्वांत अवघड.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा या कलेस मराठीत ना शास्त्र होते ना वहिवाट. जी घडली ती आकाशवाणी आणि रंगभूमी यांच्या संस्कारांतून घडली, आणि या दोन्ही संस्कारांचा संगम जिच्या ठायी विशेषत्वाने झाला ती अभिनेत्री आमच्या शेजारच्या सांगलीत १९४८ साली जन्मलेली भक्ती बर्वे. सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले. पुढे आकाशवाणीवर निवेदन आणि त्यानंतर मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदन, असा त्यांचा प्रवास झाला.

१९७५ साली रंगमंचावर आलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मध्ये त्यांनी फुलवाली मंजुळा साकारली, तेव्हा एक विलक्षण योग जुळून आला. जी वाणी वृत्तनिवेदनात प्रमाण मराठीचा दाखला म्हणून ऐकली जाई, तीच वाणी रंगमंचावर रस्त्यावरच्या मुलीची रांगडी बोली होऊन खणखणत असे, आणि त्या बोलीवर शिष्ट उच्चारांचे पुट कसे चढत जाते व त्याखाली मूळचा जीव कसा धुमसत राहतो, हे प्रेक्षकांस एकाच प्रयोगात प्रत्ययास येई. ज्या बाईंनी दूरदर्शनसाठी बहिणाबाई चौधरींची भूमिका करून खानदेशातील बोली आपल्या कंठात मुरवली, त्यांच्या प्रमाण उच्चारात पुस्तकी कोरडेपणा कधीच का आला नाही, याचे उत्तर येथे आहे: ज्याला अनेक मराठी बोलता येतात, त्याचीच एक मराठी निर्दोष होते. वाचिक अभिनयाचे हे मर्म निवेदनाच्या शिक्षणात आज कोठे शिकविले जात असेल, तर त्याची खूण पडद्यावर दिसत नाही.

१९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्यांचा पसारा वाढला आणि निवेदकाची सनदच बदलली. २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये पैठणी घेऊन घरोघरी गेलेले आदेश बांदेकर यांचे श्रेय मला मनापासून मान्य आहे, ‘वहिनी’ या एका संबोधनाने त्यांनी उंबरठा ओलांडला आणि जिला कधी कोणी काही विचारले नव्हते तिला तिच्याच बोलीत बोलते केले. परंतु त्यांची आपुलकी पुढे अनेकांनी साचा म्हणून उचलली. आजच्या स्पर्धांच्या कार्यक्रमांत निवेदक क्षणाचीही शांतता सहन करीत नाही. गायिकेचा शेवटचा स्वर विरण्यापूर्वी त्याचा जयघोष सुरू होतो, आणि अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे वाक्य दोन्ही भाषांचा हिशेब चुकवून संपते. दोष केवळ व्यक्तींचा नाही. विरामास जेथे रिकामी जागा समजून कात्री लावतात, तेथे उत्तम वाणीच्या माणसासही गडबड करणे भाग पडते. तरीही मी हे अधःपतनच म्हणेन, कारण थांबता न येणारा निवेदक श्रोत्याला विचार करू देत नाही.

१९९० साली भक्ती बर्वे यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्या गेल्या. दूरदर्शनच्या दप्तरात त्यांच्या निवेदनाच्या ज्या काही फिती शिल्लक असतील, त्या वाहिन्यांनी आपल्या नव्या निवेदकांस एकदा तरी ऐकवाव्यात, एवढी माझी विनंती आहे.