चेतातंतू म्हणजे तार नव्हे: विंचवाच्या निमित्ताने

शाळेत चेतासंस्थेचा धडा शिकलेला प्रत्येक जण दोन आकृत्या डोक्यात घेऊन बाहेर पडतो. एक चेतापेशीची: वृक्षिका, पेशीकाय आणि लांबलचक अक्षतंतू. दुसरी प्रतिक्षिप्त क्रियेची: गरम भांड्याला हात लागला, संदेश मेरुरज्जूत गेला, हात झटकन मागे आला. सोबत एक ठरलेली उपमा असते, चेतातंतू म्हणजे विजेची तार. पेट-सेटचा अभ्यास करणाऱ्यांशी बोलताना जाणवतं की एमएस्सी झाली तरी ही तार काही डोक्यातून निघत नाही.

उपमा सोपी आहे, ही माझी तक्रार नाही. सोपी असावीच. पण तारेत दोनच गोष्टी घडू शकतात, करंट चालू किंवा बंद. चेतातंतूत बिघाड म्हणजे तार तुटणे, एवढंच मग सुचतं. ज्या बिघाडात तार शाबूत असते आणि तरीही माणूस दगावतो, तो या चित्रात बसतच नाही. आणि आपल्या भागात तोच बिघाड लोकांनी सगळ्यात जास्त पाहिलेला असतो.

चकलांबा आणि एकूणच गेवराई तालुका म्हणजे दगडी बांध आणि घरामागे रचलेले पऱ्हाट्यांचे ढीग. इथे विंचू काय असतो ते कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. लाल विंचू चावला की ठणका लागतो, पाय मागे घेतला जातो. इथपर्यंत शाळेची आकृती चालते. पण ठणक्याने माणूस मरत नाही. डॉक्टरांचा अनुभव तर असा की नुसता जबर ठणका आहे आणि अंगावर दुसरी काही खूण नाही, तो रुग्ण बहुधा सुखरूप घरी जातो. भीती असते ती उलटी, लाळ, दरदरून घाम आणि गार पडलेल्या हातापायांची. पैठण इथून फार लांब नाही. नाथांच्या विंचवाच्या भारुडातसुद्धा घाम आहे. लोकांनी खूण नेमकी हेरली होती.

आत घडतं ते असं. अक्षतंतूच्या पडद्यात सोडियमसाठी बारीक दारं असतात. संदेश जातो म्हणजे ही दारं एकापुढे एक उघडतात, सोडियमचे आयन आत येतात आणि हजारांश सेकंदात दारं मिटतात. मिटणं हाही संदेशाचाच भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचा संदेश वेगळा ओळखू येणार नाही. विंचवाच्या विषातली काही प्रथिनं नेमकी या मिटण्यात अडथळा आणतात. चेतातंतू मग पुन्हापुन्हा, कुणी काही न सांगता, संदेश पाठवत राहतो. तार तुटली नाही, दार मिटेना, एवढंच झालंय.

आता दुसरी तक्रार. स्वायत्त चेतासंस्था बहुतेक ठिकाणी दोन रकान्यांचा तक्ता म्हणून शिकवतात. अनुकंपी ठोके वाढवते, परानुकंपी कमी करते. एक चढली की दुसरी उतरते. परीक्षेला मार्क मिळतात. पण विष रकाने बघत नाही, दोन्हीकडची दारं उघडी ठेवतं. लाळ-उलटी परानुकंपीची, गार हातपाय आणि चढलेला रक्तदाब अनुकंपीचा, आणि बऱ्याचदा हे सगळं एकाच रुग्णात. घाम तर तक्त्याची फजितीच करतो: हुकूम अनुकंपीचा, पण रसायन ॲसिटिलकोलीन, जे परानुकंपीच्या नावावर पाठ केलेलं असतं. तक्ता पाठ असलेला माणूस लाळ आणि घाम बघून ॲट्रोपिन सुचवेल. त्याने परानुकंपीचा लगाम निघतो आणि आधीच धावणारं हृदय आणखी धावतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे मराठवाड्यातलेच. त्यांनी काम केलं कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. रुग्णाच्या उशाशी बसून लिहिलेल्या त्यांच्या निरीक्षणांचा पेपर १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात बावस्कर दांपत्याने प्राझोसिनचा उपयोग मांडला. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध. ते चेतातंतूला हात लावत नाही. रक्तवाहिनीवरच्या ज्या अल्फा ग्राहींवर अनुकंपीचं रसायन येऊन बसतं, ती जागा अडवतं. प्राझोसिनच्या आधी आणि नंतरच्या मृत्यूंची तुलना नेहमी दिली जाते, आणि घट मोठी आहे. तरी रिसर्च करणाऱ्याने इथे थांबावं: मधल्या काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर पोचू लागले. आधी-नंतरच्या तुलनेत हे सगळं मिसळलेलं असतं.

म्हणून २०११ चा 'बीएमजे'मधला त्यांचा पेपर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी, प्रत्येक गटात ३५. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनी सगळी लक्षणं गेलेले रुग्ण पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. दारांचं चित्र डोक्यात असेल तर हा निकाल वाचता येतो: प्राझोसिन वाटेच्या शेवटच्या टोकाला पहारा देतं, प्रतिविष रक्तातल्या विषालाच गाठतं. तारेचं चित्र असेल तर ३२ आणि ८ हे नुसते आकडे राहतात.

पेपरच्या उणिवाही बघा. कोणाला काय दिलं हे डॉक्टरला आणि रुग्णाला माहीत होतं. घाम थांबला का, पाय गरम झाले का, हे ठरवणं बऱ्यापैकी बघणाऱ्याच्या हातात असतं. फरक इतका मोठा आहे की तो नुसत्या कलामुळे आला असेल असं मला वाटत नाही. पण १० टक्क्यांचा असता तर मी विश्वास ठेवला नसता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. अभ्यासात घेतलेले रुग्ण दुसऱ्या श्रेणीचे होते. हृदय-फुप्फुसांत बिघाड सुरू झालेले आधीच वगळले होते. म्हणजे रात्री शेतात चावला, सकाळी गाडी मिळाली आणि फुप्फुसांत पाणी भरल्यावर दवाखान्यात पोचला, त्या माणसाला प्रतिविषाने किती फायदा होईल, याचं उत्तर या ७० जणांत नाही.