रोवणीला पोचलेलेच पऱ्हे मोजायचे का? ‘लीलावतीज डॉटर्स’ दुसऱ्यांदा वाचताना

एमएस्सीला असताना एका मॅडमनी माझ्या हातात ‘लीलावतीज डॉटर्स’ ठेवलं. म्हणाल्या, वाच, हिंमत येईल. आली. दोन रात्रींत पुस्तक संपवलं. आता पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी परत वाचलं, तेव्हा एक प्रश्न पडला. तुम्ही नेट, पेटची तयारी करताय, म्हणून तो तुमच्यासमोर ठेवते. प्रश्न संशोधनाच्या पद्धतीचा आहे.

आधी पुस्तकाबद्दल. 2008 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीनं ते काढलं. संपादक रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी. भारतातल्या जवळपास शंभर स्त्री-वैज्ञानिकांच्या गोष्टी त्यात आहेत. बऱ्याच जणींनी स्वतःच लिहिलेल्या. आनंदीबाई जोशी, इरावती कर्वे, कमला सोहोनी ही आपल्या ओळखीची नावंही भेटतात. पुस्तकाची मोठी जमेची बाजू म्हणजे ते उगाच गोड बोलत नाही. नवऱ्याची बदली, लेकराचं आजारपण, मुलाखतीतले नको ते प्रश्न, सगळं त्यात येतं. अकरावीच्या मुलीलाही ते जरूर द्या.

आता कमला सोहोनींची गोष्ट घ्या. 1933 साली त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर, पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलंच जाणार नव्हतं. पुढे 1939 साली केंब्रिजची पीएचडी, मग मुंबईत नीरा आणि कडधान्यांवरचं काम. ही गोष्ट आपण नेहमी ‘जिद्द असली की दार उघडतं’ अशी सांगतो. पण त्याच गोष्टीतली दुसरी माहिती आपण घाईत ओलांडतो: त्यांचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. दार बंद झालं तेव्हा, हे दार आपल्यासाठीही असायला पाहिजे, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. यानं त्यांची जिद्द कमी होत नाही. पण निव्वळ जिद्दीनं किती होतं, हे मात्र या एका गोष्टीवरून सांगता येत नाही.

भंडाऱ्याच्या पोरांना हे समजावणं सोपं आहे. समजा पऱ्हे टाकले, पाऊस लांबला, अर्धे वाळले. उरलेले बांधीत रोवले आणि पीक जोमदार आलं. आता कोणी फक्त बांधीतलं धान पाहून म्हणालं, ‘यंदा पऱ्हे फार चिवट होते,’ तर तुम्ही हसाल. वाळले त्यांचा हिशेब कुठाय? संशोधनात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे टिकले त्यांनाच पाहायचं आणि टिकण्याचं कारण त्यांच्याच गुणांत शोधायचं. शंभरातल्या नव्वद जणींनी ‘घरच्यांचा पाठिंबा होता’ असं लिहिलं, तरी पाठिंब्यामुळेच त्या टिकल्या असं सिद्ध होत नाही. ज्या सुटल्या, त्यांच्या घरी काय होतं, हे माहीत असल्याशिवाय तुलनाच होत नाही.

आकडे बघा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 2021-22 मध्ये विज्ञान शाखेत 57.2 लाख विद्यार्थी होते, त्यात मुली 29.8 लाख. म्हणजे पऱ्ह्यांत मुली निम्म्याहून जास्त. पण देशात संशोधनाची नोकरी करणाऱ्यांत बाई पाचात एक, तीही जेमतेम. मधल्या वाटेवर काय होतं, ते पोचलेल्यांच्या आत्मकथनांतून पुरतं कळणार नाही.

इथे दुसरं पुस्तक सोबत घ्या: आभा सूर यांचं ‘डिस्पर्स्ड रेडियन्स’, नवयान प्रकाशन, 2011. त्यात रामन यांच्या प्रयोगशाळेतल्या बायका आहेत आणि मेघनाद साहाही आहेत. जात आणि बाईपण एकाच चौकटीत ठेवून विज्ञानाकडे बघणारं हे पुस्तक आहे. ‘लीलावतीज डॉटर्स’मध्ये जातीबद्दल फारसं काही हाती लागत नाही, ही मला तिची सगळ्यात मोठी उणीव वाटते. सूर यांनी सांगितलेली अण्णा मणींची हकिकत पाहा. रामन यांच्याकडे काम करून त्यांनी शोधनिबंध छापले, प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठानं पदवी नाकारली, कारण एमएस्सी नव्हती. नियम सगळ्यांना सारखाच होता! मणी पुढे हवामानशास्त्रात मोठ्या झाल्या, आणि पदवी नाही मिळाली म्हणून काही बिघडलं नाही असंच मानत राहिल्या. टिकलेला माणूस असंच बोलतो. म्हणून त्याच्या बोलण्याचा मान ठेवायचा, पण पुरावा म्हणून ते एकटं पुरत नाही.

सूर यांचं पुस्तक वाचायला जड आहे, आणि तेही शेवटी प्रयोगशाळेत पोचलेल्यांबद्दलच आहे. गावातून निघालेली आणि मध्येच उतरलेली मुलगी दोन्ही पुस्तकांत नाही.

माझ्या बीएस्सीच्या वर्गात अशी एक होती, साकोली तालुक्यातली. टायट्रेशनमध्ये तिचा एंडपॉइंट कधी चुकला नाही. माझा चुकायचा, तेव्हा हळूच म्हणायची, “घाई काहून करतेस वं, थेंब थेंब सोड ना.” भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, तिच्या गावाहून आणखी लांब. एमएस्सीचं प्रॅक्टिकल सुटेपर्यंत तिच्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली असायची. होस्टेलचे पैसे नव्हते. दिवाळीनंतर ती आलीच नाही. मला शहरात मावशी होती, म्हणून मी टिकले. मुलाखतीत मात्र मी ‘जिद्द’ असंच सांगितलं होतं. ते उत्तर आज मला खोटं वाटतं.

तुम्ही विषय शोधत असाल तर एक सुचवते. आपल्या कॉलेजच्या दहा वर्षांपूर्वीच्या बीएस्सी पहिल्या वर्षाच्या यादीपासून सुरुवात करा, पीएचडी झालेल्यांपासून नाही. कॉलेजची आणि आचार समितीची परवानगी घ्या, प्रत्येकाची संमती घ्या, नावं गुप्त ठेवा. मग विचारा: घर किती लांब, शेवटची बस किती वाजता, आईचं काम काय, प्रवर्ग कोणता, घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच माणूस का, शिष्यवृत्ती वेळेवर आली का. कोण कुठल्या वर्षी सुटलं, ते मांडा. कदाचित उत्तर निघेल की मुलींना प्रेरणेच्या व्याख्यानापेक्षा प्रॅक्टिकलची वेळ दोन तास अलीकडे हवी. कदाचित वेगळंच निघेल. पण ते मोजून निघालेलं असेल.

तोवर ‘लीलावतीज डॉटर्स’ वाचाच. फक्त प्रत्येक गोष्ट संपली की वहीत एक ओळ लिहा: हिच्या बाकावर शेजारी कोण बसायची, आणि ती कुठे गेली?