आकडे जुळले, पण गाडी तीच का?

संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने शोधनिबंधांच्या जोडीला एखादा कोर्टाचा निकालही वाचावा, असं मी हल्ली सांगत असते. पुराव्याबद्दल आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्या कोर्टात पैशांसाठी भांडून तपासल्या जातात. माझी शिफारस लंडनच्या हायकोर्टाच्या १९९० सालच्या निकालाची आहे. खटल्याचं नाव हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटार, न्यायमूर्ती ऑटन. वाद होता एका जुन्या बेंटलेचा.

'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पीड सिक्स बेंटलेने ल माँची २४ तासांची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकली. १९२९ मध्ये बार्नेटो आणि बर्किन, १९३० मध्ये बार्नेटो आणि किडस्टन. साठ वर्षांनी मालकाने ती सुमारे एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. खरेदीदार कंपनीने मग हात वर केले. म्हणणं एवढंच, की ही ती गाडी नव्हे. मालक कोर्टात गेला.

कंपनीचा मुद्दा पोकळ नव्हता. १९३२ मध्ये याच गाडीत आठ लिटरचं इंजिन बसवून ती ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवली होती. तिथे ती ट्रॅकच्या उतरत्या कडेवरून बाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. पुढे बार्नेटोने तिच्यावर बंद कूपे बॉडी चढवून घेतली, आणि नंतरच्या मालकांच्या काळात तिला परत उघड्या शर्यतीच्या गाडीचं रूप दिलं गेलं. निकालात एका तज्ज्ञाची साक्ष येते, ती वाचताना मी थांबलेच. १९२९ च्या गाडीतलं, काळ सांगता येईल असं, काहीही उरलेलं नाही. १९३० च्या गाडीतला पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम, बस. चेसिसची चौकट आणि इंजिन १९३२ चं.

ऑटन यांनी इथे जे केलं ते आपल्या कामात रोज करायला हवं असं आहे: आधी शब्द वेगळे केले. 'मूळ' म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. ही गाडी तशी नाही, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण ती नंतर कोणी उभी केलेली प्रतिकृतीही नाही. बदल होत गेले, प्रत्येक वेळी नवे भाग जुन्या गाडीत सामावले गेले, इतिहास कुठे तुटला नाही, आणि 'मीच ओल्ड नंबर वन' असा दावा करू शकणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ही 'अस्सल' ओल्ड नंबर वन. मालक जिंकला.

मला निकाल पटतो, त्याची कारणमीमांसा पूर्ण पटत नाही. भाग टप्प्याटप्प्याने सामावले गेले, त्यामुळे ओळख हरवली नाही, हा युक्तिवाद वेगावर उभा आहे. मग वेग मोजायला हवा. १९३० ते १९३२ या दोन वर्षांत चौकट आणि इंजिन दोन्ही बदललं. याला हळूहळू म्हणायचं का? किती भाग किती काळात बदलले तर ओळख टिकते, याची सीमारेषा निकालात कुठेच नाही. दुसरा दावेदार नाही, हा मुद्दा त्यापेक्षा भक्कम आहे. चोरीला गेलेली किंवा भंगारात फुटलेली मूळ चौकट उद्या कुठल्या शेडमध्ये सापडली तर काय, हा प्रश्न तो मुद्दा निदान उघडा तरी ठेवतो. तसं झालं तर निकालाचा आधार डळमळेल, आणि नक्की का डळमळेल हे सांगताही येईल. चांगल्या दाव्याकडून मला एवढंच हवं असतं.

आता दुसरी बाजू. शर्यतीच्या गाडीला वर्तमानपत्रं असतात, फोटो असतात. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या गाडीला काय असतं? नंबर. म्हणून अमेरिकन गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' हा परवलीचा शब्द झाला. साठच्या दशकातली शेव्हर्ले कॉर्व्हेट घ्या. डॅशबोर्डजवळच्या पट्टीवर वाहन क्रमांक. इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामातच उठवलेला एक क्रमांक आणि ओतकामाची तारीख. आणि ब्लॉकच्या पुढच्या भागातल्या छोट्या सपाट पट्टीवर पंच केलेली दोन अक्षरमालांची ओळ: एक इंजिन कुठे, कधी आणि कोणत्या प्रकारचं जोडलं हे सांगणारी, दुसरी वाहन क्रमांकाचा शेवटचा भाग पुन्हा सांगणारी. १९६७ च्या कॉर्व्हेटच्या इंजिनवर 'टी०२२२आयटी' असं दिसलं, तर टी म्हणजे टोनावांडाचा कारखाना, २२ फेब्रुवारी, आणि आयटी म्हणजे एल८८ हे इंजिन. १९६७ मध्ये एल८८ कॉर्व्हेट फक्त २० बनल्या. किंमत कुठे जाते याचा अंदाज तुम्हीच करा.

यातला ओतकामाचा क्रमांक फसवा आहे, कारण तो साच्याचा क्रमांक आहे, गाडीचा नाही. ३९७००१० हा आकडा असलेले शेव्हर्लेचे ३५० घनइंचाचे ब्लॉक वर्षानुवर्षं निघाले, कॉर्व्हेटपासून ट्रकपर्यंत. त्यातून ओतकामाच्या तारखेत वर्षाचा शेवटचाच अंक असतो, म्हणजे सातचा अर्थ १९६७ की १९७७ हे ब्लॉक सांगत नाही. 'तारीख बरोबर आहे' एवढ्यावर लोक खुश होतात! खरं तर क्रम तपासायचा असतो: आधी ओतकाम, मग इंजिनची जोडणी, मग गाडीची जोडणी. उलटा क्रम दिसला तर कुठेतरी गडबड. सुलटा दिसला तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

कारण जुळणं म्हणजे फक्त सुसंगती. आणि सुसंगती बनवता येते. कोणत्या वर्षी कोणतं अक्षर, कोणता कारखाना, सगळं पुस्तकांत छापलेलं आहे. तपासणारा जे पुस्तक उघडतो तेच नकली गाडी बनवणाराही उघडतो. जुना पंच घासून काढायचा, हवा तो आकडा ठोकायचा. १९८१ पासून अमेरिकेत वाहन क्रमांक १७ अक्षरांचा झाला आणि नवव्या जागी पडताळणी-अंक आला. पण तोही क्रमांक लिहिताना झालेली चूक पकडतो, खोटेपणा नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर कोणीही तो अंक काढू शकतं.

मग जाणकार काय बघतात? आकड्याखालची जमीन. ब्लॉकचा माथा कारखान्यात ब्रोचिंग मशिनने कापला जायचा, त्याने पट्टीवर एका दिशेला जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उमटायच्या. पंच त्यांच्यावर पडलेला असतो. घासून पुन्हा पंच केलेल्या पट्टीवर त्या रेषा नाहीशा होतात, किंवा वेगळ्या जातीच्या दिसतात. कोणी मुद्दाम ठेवलेली ही खूण नाही, कामाच्या ओघात राहून गेलेली आहे. म्हणूनच ती जास्त बोलते. अडचण अशी, की प्रामाणिक गॅरेजवाल्यानेही इंजिन उघडून माथा घासून घेतला असेल तर तीच पट्टी त्यासोबत घासली जाते. म्हणजे रेषा असणं बऱ्यापैकी सांगतं, रेषा नसणं जवळजवळ काहीच सांगत नाही. चाचणीची ही एकतर्फी ताकद लिहून ठेवा, व्हायवाला विचारतात.

जीवशास्त्रवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं, की वेगवेगळ्या नावांनी प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या १८ पेशीसंच प्रत्यक्षात हीला पेशी असाव्यात. लेबलं नीट होती, नोंदवह्या नीट होत्या. जी६पीडी या एन्झाइमचा प्रकार मात्र सगळ्यांत तोच. लेबल आणि वही एकाच हातून लिहिलेली असतील तर ती एकमेकांची साक्षीदार होत नाहीत.

बाजाराची मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. कधीकधी प्रश्नच चुकीच्या आकड्याला विचारला जातो. पाँटिअ‍ॅक जीटीओ १९६४ आणि १९६५ मध्ये स्वतंत्र मॉडेल नव्हती, 'लमाँ' नावाच्या गाडीवरचं ऑप्शन होती (हो, तीच ल माँ, नाव तिथूनच). त्यामुळे वाहन क्रमांकात जीटीओची खूणच नाही, ती १९६६ पासून आली. १९६४ ची साधी लमाँ घेऊन तिची जीटीओ केली तर वाहन क्रमांक शंभर टक्के खरा राहतो आणि दावा शंभर टक्के खोटा. तिथे उपयोगी पडतं ते कंपनीचं त्या काळचं बिल, कारण ते गाडीपासून दूर, दुसऱ्याच माणसाने, दुसऱ्याच कामासाठी लिहिलेलं असतं.

आणि नंबर न जुळणारी गाडी? वॉरंटीत इंजिन बदलून मिळालं असेल, शर्यतीत उडालं असेल. जी गाडी खरोखर पळवली गेली तिचं पहिलं इंजिन टिकण्याची शक्यता कमी. बाजार तिला शिक्षा करतो आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवलेलीला बक्षीस देतो. ओल्ड नंबर वनला याच मोजपट्टीवर तपासलं असतं तर ती पहिल्या फेरीत बाद झाली असती.

आपल्याकडे जुनी गाडी नावावर करताना चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची पद्धत तुम्ही पाहिली असेल. त्याला मी कमी लेखत नाही. त्या ठशात नुसता आकडा राहत नाही, अंकांचा आकार, अंतर, तिरकेपणाही राहतो. हाताने लिहून घेतलेल्या नोंदीत हे सगळं निसटतं. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेचे वेगळे क्रमांक आणले. त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात जपलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नको. ऑटन यांचा निकाल आणि ही अट शेजारी ठेवून वाचा. तिकडे अस्सल ठरलेली बेंटले इकडच्या अटीत बसत नाही, आणि दोन्हीकडे 'मूळ' या शब्दाचा अर्थ मात्र तोच आहे.