उद्दीपन की आलंबन? : नांदेड-लातूरच्या महाविद्यालयीन भावविश्वातील पाऊस

पाऊस आणि महाविद्यालयीन तारुण्य यांची सांगड मराठी साहित्यात इतकी रूढ झाली आहे की, तिच्याकडे एक संकेत म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. पहिली सर आली की तास बुडवावा, कॅन्टीनच्या छपराखाली चहा घेत उभे राहावे, एका छत्रीतून दोघांनी चालावे आणि रात्री वहीच्या मागल्या पानावर कविता लिहावी, हा क्रम कथाकादंबऱ्यांतून, भावगीतांतून आणि चित्रपटांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांत तो सर्वांत ठळकपणे दिसतो. नियतकालिक पुण्याचे असो, नांदेडचे असो की लातूरचे, विद्यार्थ्यांच्या पाऊसकवितेत मोर, इंद्रधनुष्य, हिरवे गालिचे आणि दूर गेलेली ‘ती’ यांची हजेरी जवळजवळ ठरलेली असते. प्रश्न असा की, हा पाऊस नेमका कोठला? ज्या मुलाने ती कविता लिहिली त्याच्या शिवारात तो पडलेला असतो काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. ज्याच्या आश्रयाने भाव उत्पन्न होतो ते आलंबन आणि उत्पन्न झालेला भाव ज्यामुळे प्रज्वलित होतो ते उद्दीपन, असे विभावाचे दोन प्रकार उत्तरकालीन शास्त्रकारांनी मानले. मेघदूतातील यक्षाच्या विरहाचे आलंबन त्याची अलकेतील पत्नी आहे. आषाढातला मेघ तो विरह असह्य करतो आणि मग त्याचा दूतही होतो, पण विरहाचे कारण तो नव्हे. मराठी भावकवितेने हीच व्यवस्था बहुतांशी स्वीकारली. तिच्यात पाऊस येतो तो आधीच मनात असलेल्या कशाला तरी जागे करण्यासाठी. महाविद्यालयीन पाऊसकविता ही याच व्यवस्थेची शेवटची, पातळ झालेली आवृत्ती होय. भरताच्या नाट्यशास्त्राचा आणि रसविचाराचा मराठीत ज्यांनी मूलगामी परामर्श घेतला ते नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात अध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. ज्या गावात या परिभाषेची इतकी चिकित्सा झाली, त्याच गावातल्या वर्गखोलीला ती लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

या वर्गखोलीत कोण बसते, हे आधी लक्षात घ्यावे लागते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर व परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतून येतो. ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातले घर सोडून पुण्याला जातो, त्याच्या महाविद्यालयीन जीवनाच्या आणि गावाच्या मध्ये एक लांब प्रवास आहे. नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला हे अंतर लाभत नाही. त्याचे गाव एस.टी.च्या एक-दोन तासांवर असते. तो रोज अप-डाऊन करतो किंवा शहरात खोली करून राहतो आणि त्याचा जेवणाचा डबा गावाकडच्या एस.टी.ने येतो. ओढ्याला पूर आला, पुलावरून पाणी गेले की गाडी येत नाही आणि डबाही येत नाही. घर सुटलेले नाही आणि हाताशीही नाही, अशा मधल्या जागी तो उभा असतो. पाऊस त्याला गाठतो तो याच जागी.

दोन्ही दिनदर्शिका समोरासमोर ठेवल्या म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. प्रवेशाची धावपळ जूनमध्ये असते. मृगही जूनमध्येच निघतो. बियाण्याचे आणि शुल्काचे पैसे एकाच महिन्यात, एकाच खिशातून जायचे असतात. सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि सत्र परीक्षेची चाहूलही तेव्हाच लागते. कापून ठेवलेल्या बनिमीवर परतीचा पाऊस आला तर तो केवळ पिकावर येत नाही. पुढच्या सहामाहीच्या खोलीभाड्यावरही येतो. लातूरचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ८०० मि.मी. आहे, कोकणात ते ३००० मि.मी.च्या आसपास जाते. पण येथे आकड्यापेक्षा पाऊस केव्हा पडला याला महत्त्व असते. पेरणीनंतर पंधरा दिवस त्याने ओढ दिली तर दुबार पेरणी अटळ होते. अशा भूभागात पाऊस हा भावनेला चाळवणारा परिसर राहत नाही. हर्ष, चिंता, औत्सुक्य आणि विषाद यांचा आश्रय तो स्वतःच होतो. उद्दीपनाच्या जागेवरून तो आलंबनाच्या जागेवर सरकतो, असे म्हणता येईल.

हे स्थलांतर महाविद्यालयाच्या गजबजीत अधिक तीव्र होते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने जी अध्यापनपद्धती महाराष्ट्रभर ओळखली गेली, तिचा पाया नियोजन हा आहे : जादा तास, सराव परीक्षा, सुटीतही चालणारे वर्ग. या वेळापत्रकाला ऋतू नसतात. जूनमधला सोमवार आणि जानेवारीतला सोमवार त्याला सारखेच. अशा वर्गात भरदिवसा अंधारून येते, पत्र्यावर थेंबांचा ताशा वाजू लागतो, शिकवणाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा होतो आणि त्याला खडू खाली ठेवावा लागतो. वर्षभरात वेळापत्रक असे थांबण्याचे प्रसंग थोडेच. त्या दहा मिनिटांत खिडकीकडे वळलेल्या चेहऱ्यांवर एकच भाव नसतो. एकाला भिजायचे असते. दुसरा ढग कोणत्या दिशेला सरकतो आहे ते पाहत असतो. तिसऱ्याच्या मनात बापाने कालच रानात टाकलेला खत असतो. रूढ पाऊसकविता यांपैकी पहिल्याचीच नोंद घेते.

न पडलेल्या पावसाचाही एक भाव असतो आणि तो तर या कवितेच्या कक्षेतच येत नाही. दुष्काळ जाहीर झाला की शासनाच्या सवलतींच्या यादीत जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलातील सवलत यांच्याबरोबर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही असते. म्हणजे पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, ही वार्ता मुलाला महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरही वाचायला मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने ते धरण भरले. एकाच वर्षात दोन्ही टोके पाहिलेल्या मुलाला ‘पाऊस आला की मन प्रसन्न होते’ हे विधान खोटे वाटणार नाही, पण फार अपुरे वाटेल. त्याआधीच्या पिढीची स्मृती वेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने दगडमातीची घरे कोसळली आणि वाचलेल्यांना पत्र्याच्या निवाऱ्यात राहावे लागले. त्या निवाऱ्यांतून पुढे महाविद्यालयात आलेल्यांच्या कानात पत्र्यावरच्या पावसाचा अर्थ आधीच ठरून गेलेला होता.

मराठवाड्याच्या कवितेने पावसाला आलंबन केले नाही, असे मात्र नाही. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) आणि ‘पावसाळी कविता’ (१९८२) या संग्रहांत रान, पाऊस आणि शृंगार यांचे असे एकजीव रूप अवतरते की उद्दीपन कोणते आणि आलंबन कोणते, हा भेदच विरून जातो. महानोर महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून पळसखेडच्या शेतीकडे परतले होते, ही चरित्रातली गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. त्यांच्या कवितेला ती एकात्मता लाभली, कारण कवी पुन्हा रानात उभा राहिला. इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’त (१९८९) पाऊस कष्टाच्या हिशेबात येतो, पण तेथेही केंद्र शिवारच आहे. जो रानातून निघाला आणि वर्गात बसून आहे, ज्याच्या एका हातात वही आहे आणि कान मात्र गावाकडच्या बातमीकडे लागले आहेत, त्याचा पाऊस या दोन्ही परंपरांच्या मधे निसटला आहे.

हा पाऊस लिहिण्यात एक धोकाही आहे. गेल्या काही दशकांत ग्रामीण कवितेनेही आपला संकेत निर्माण केला : भेगाळलेली जमीन, आभाळाकडे लागलेले डोळे, सावकार आणि दोर. अनुभव म्हणून हे सारे खरेच आहे. पण सवयीने लिहिले की तेही इंद्रधनुष्याइतकेच उसने होते. नांदेड-लातूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पावसात केवळ व्याकूळ व्हावे, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे त्याचे तारुण्य नाकारणे होय. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात गोदावरीवरून सर चालून येते तेव्हा तोही भिजतो, हसतो, कोणाची तरी वाट पाहतो. त्याची विशेषता आहे ती या हर्षापाठोपाठ येणाऱ्या भावात. शास्त्रकारांनी सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत व्रीडा, म्हणजे लज्जा, हा एक आहे आणि शृंगारात तो ठरलेलाच असतो. येथे त्याचे कारण निराळे. गावाकडे काढणीला आलेले पीक उभे असताना आपल्याला हा पाऊस आवडला, याची ती लाज आहे. जूनमधल्या पावसाने सुखावलेला हाच मुलगा ऑक्टोबरच्या पावसात मान खाली घालतो. हर्ष आणि व्रीडा यांचा हा संयोग नागर पाऊसकवितेला ठाऊक नाही आणि शिवाराच्या कवितेलाही त्याची गरज पडलेली नाही. तो मधल्या जागेवर उभ्या असलेल्याचाच आहे.

मग नियतकालिकातील कविता तो का टिपत नाही? दोष विद्यार्थ्याच्या प्रतिभेवर टाकून चालणार नाही. पाऊस कसा लिहायचा असतो, हे तो पाठ्यपुस्तकातून शिकलेला असतो. आपल्या घरचा पाऊस ‘काव्यमय’ नाही, अशी समजूत तेथेच पक्की होते. ‘झड’, ‘वापसा’, ‘उघाड’, ‘ओल’ हे त्याचे रोजचे शब्द. पण कविता लिहायला बसला की ते बाजूला राहतात आणि ‘रिमझिम’, ‘धुंद’, ‘चिंब’ पुढे येतात. शब्द बदलले की अनुभवही बदलतो. वापसा म्हणजे पाऊस थांबून जमीन औताला योग्य होण्याची स्थिती. तीत थांबण्याची आणि घाईची भावना एकाच वेळी असते. ‘चिंब’ या शब्दात ती घाई नाही. भाषेच्या या अदलाबदलीत मुलाच्या हातून त्याचाच पाऊस निसटतो, आणि संपादनाची जबाबदारी असलेला अध्यापक ती अदलाबदल शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांबरोबर निमूटपणे पुढे पाठवतो.

मराठवाड्याच्या साहित्याचा विचार आजवर मुख्यतः गाव आणि शिवार यांच्या अनुषंगाने झाला आहे. या प्रदेशाची एक मोठी वस्ती मात्र महाविद्यालयांत, खोल्यांत आणि एस.टी.च्या फलाटांवर आहे, आणि तिच्या भावजीवनाचे नियमन पाऊस अजूनही करतो. त्या वस्तीची पाऊसकविता लिहिली जाईल तेव्हा तिच्यात कदाचित मोर नसेल, मेघही नसेल. सायंकाळच्या बसने डबा आला की नाही, एवढीच चौकशी असेल. आणि त्या चौकशीत गावच्या ओढ्याचे पाणी, उद्याची परीक्षा आणि घरची काळजी हे सारे सामावलेले असेल.