‘चाकाची खुर्ची’ आणि समीक्षेचे शब्द

शरीराची मोठी उणीव आयुष्यभर वागवीत असतानाही समृद्ध व समाधानी जीवन जगलेल्या व्यक्तींचे लेखन मराठीत आहे. परंतु त्याचे परीक्षण होते तेव्हा ‘जिद्द’, ‘मात’ आणि ‘प्रेरणा’ या तीन शब्दांपलीकडे समीक्षा सहसा जात नाही. या शब्दांनी लेखकाचा गौरव होतो, हे खरे. पण ग्रंथाचे वाचन मात्र तेथेच थांबते. हा दोष वाङ्मयीन अभिरुचीचा आहेच, शिवाय तो भाषेचाही आहे.

गोवंडी स्थानकावर उतरून देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे निघालेली, चाकाच्या खुर्चीतील एखादी विद्यार्थिनी कल्पावी. पुलाच्या जिन्यापाशी तिची वाट अडली. या प्रसंगाचे वर्णन मराठीत तीन प्रकारे करता येईल : ‘ती पांगळी आहे’, ‘तिला जिना चढता येत नाही’ आणि ‘जिना तिला वर जाऊ देत नाही’. पहिल्या वाक्यात उणीव हा व्यक्तीचा स्थायी धर्म ठरतो. दुसऱ्यात ती एका क्रियेपुरती मर्यादित होते. तिसऱ्यात कर्तेपद जिन्याकडे जाते आणि दोषही त्याच्याच माथी येतो. तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण त्यांतून तीन निरनिराळ्या समाजदृष्टी व्यक्त होतात. २०१६ च्या केंद्रीय अधिकार अधिनियमाने व्यक्तीची दीर्घकालीन उणीव व भोवतालचे अडथळे यांच्या परस्परक्रियेवर भर दिला. म्हणजे कायदा तिसऱ्या वाक्यापर्यंत आला आहे. समीक्षा मात्र अद्याप पहिल्या वाक्यापाशीच रेंगाळताना दिसते.

केवळ संज्ञा बदलून हे अंतर तुटत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचविल्यानंतर ‘विकलांग’ शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झाला. पूर्वपद बदलले, उत्तरपद तेच राहिले. पूर्वी अंग विकल होते, आता ते दिव्य झाले. पण व्यक्तीची ओळख अंगावरूनच होत राहिली. सन्मानाचा हेतू मान्य करूनही समासाचा हा कल नजरेआड करता येत नाही.

मराठी परंपरेत या दोन्ही दिशांचे दाखले आढळतात. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका ही सोंगे येतात. तेथे शरीराची उणीव हे आध्यात्मिक अवस्थेचे रूपक आहे. प्रत्यक्ष आंधळ्या माणसाचे जगणे हा त्या रचनांचा विषय नव्हे. याउलट कूर्मदासाची कथा पाहावी. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त सरपटत पंढरीकडे निघाला. लऊळपर्यंत तो पोहोचला आणि पुढची वाट सरेना, तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीस आला. प्रचलित कथेत कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत, ही लक्षणीय गोष्ट होय. त्याची कृतार्थता शरीर पूर्ण होण्यात नाही. ती भेट होण्यात आहे. अंतर मिटते ते देवाच्या चालण्याने.

नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचे शीर्षक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कुमारवयात कमरेखालील संवेदना गमावलेल्या आणि पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारणाऱ्या लेखिकेने शीर्षकात आघाताचे नाव घेतलेले नाही, विजयाचेही नाही. तिने एका वस्तूचे नाव घेतले आहे. खुर्ची बसण्याची, चाक जाण्याचे. षष्ठीच्या एका प्रत्ययाने स्थिती आणि गती जोडल्या गेल्या आहेत. शिवाय मराठीत खुर्ची म्हणजे अधिकारही होय. दुःखाचा बडेजाव न करता साधनाला घरगुती नाव देणारे हे शीर्षक ‘मात’ या युद्धातील शब्दाला सहज बाजूला सारते.

सोनाली नवांगुळ यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. बालपणीच्या अपघातानंतर चाकाची खुर्ची वापरणाऱ्या या लेखिकेने सलमा यांच्या तमिळ कादंबरीचा ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा अनुवाद केला आणि त्यास साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. मूळ कादंबरीत घराच्या चौकटीत वावरणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे जीवन आहे. ‘बंदिस्तपणाचा अनुभव असल्यामुळेच हा अनुवाद साधला’, असे म्हणण्याचा मोह समीक्षकास होईल. तो आवरला पाहिजे. त्या विधानात सहानुभूती आहे, पण अनुवादाची परीक्षा नाही. शब्दयोजना, संवादांची लय, परक्या नात्यागोत्यांचे मराठीकरण या कसोट्या इतर अनुवादकांना लावल्या जातात. त्या येथेही लावणे हाच खरा आदर होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, अशा लेखनातील कष्ट खरे असताना ‘जिद्द’ हा शब्द का टाकावा? शब्द टाकावा असे नाही. परंतु जिद्द लागली ती कशासाठी, हे विचारल्याखेरीज तो वापरू नये. काही जिद्द स्वभावातून येते; पुष्कळशी जिन्यामुळे लागते. जिन्याचा उल्लेख टाळून केलेली जिद्दीची स्तुती जिना बांधणाऱ्यास दोषमुक्त करते. आणि ज्या जीवनात मैत्री, व्यवसाय, विनोद व ग्रंथ आहेत, त्याचे सारे सुख एका लढाईच्या हिशेबात मांडणे म्हणजे त्या सुखाला अपुरे लेखणे होय.